लॅव्हेंडरला जेवायला घालणारी झारी

हे मी सांगायचं नाही, असं मला बजावलेलं आहे. मा आतिमनी अंगणात उभं राहून एकेकाकडे बोट दाखवलं होतं. शेळीकडे, कोंबड्यांकडे, चुलीजवळच्या पातेल्याकडे आणि शेवटी, जरा जास्तच वेळ, माझ्याकडे. "झालं ते झालं. पण सुपाचं कुणी कुठे बोलायचं नाही!"

शेळी बोलली नाही. पातेलंही बोललं नाही. मी तर मुळातच लाजाळू, चारचौघांत माझ्या तोंडून थेंबसुद्धा सरळ पडत नाही. पण मी पत्र्याची आहे. पोटात एखादी गोष्ट फार दिवस राहिली की मला गंज चढतो. म्हणून सांगते.

मी एक झारी बोलतेय. कालाबार गावातल्या हेनशॉ टाऊनमध्ये मा आतिमचं घर आहे, तिथली.

आधी मी झारी नव्हते. टोमॅटोच्या गराचा मोठा डबा होते. उबोंग नावाच्या पत्र्याच्या कारागिराने मला कापलं, ठोकलं, डाग दिला, तोटी लावली आणि तोटीच्या टोकाला खिळ्याने भोकं पाडली. त्यांचा एक डोळा अधू होता, त्यामुळे सगळी भोकं डाव्या बाजूला गेली. मी आजही सरळ बघते आणि डावीकडे शिंपडते. पोटावर अर्धा टोमॅटो तसाच राहिला आहे. लोकांना वाटतं मी लाजून लाल झालेय. त्यात अगदीच खोटं नाही.

एका परगावच्या माणसाने मला बनवायला सांगितलं आणि तो परत आलाच नाही. मग मी बाजारात खिळ्याला लटकून राहिले. आमच्या गावात पाऊस मार्चमध्ये येतो आणि नोव्हेंबरपर्यंत जायचं नाव घेत नाही. तिथे झारीला कोण विचारणार? माझ्या शेजारी टांगलेली नरसाळी भराभर विकली जात. जाताना ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत, ती नजर मी विसरलेले नाही.

एक दिवस मा आतिम आल्या. त्यांनी मला उचललं, आत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "पोट चांगलं आहे हिचं. दे."

माझं कौतुक त्याआधी कुणीच केलं नव्हतं.

आमच्याकडे लग्नाआधी मुलीला काही आठवडे एका खोलीत ठेवतात. तिने काम करायचं नाही, उन्हात जायचं नाही, पुरुषांच्या नजरेला पडायचं नाही. खायचं, झोपायचं, अंगाला तेल चोळून घ्यायचं, संसाराच्या चार गोष्टी ऐकायच्या आणि गोल, तुकतुकीत होऊन वाजतगाजत बाहेर यायचं. मा आतिम अशी खोली चालवतात. त्यांच्या खोलीतून आजवर एकही मुलगी बारीक बाहेर पडलेली नाही, ही त्यांची ख्याती. माझं काम त्या मुलींच्या अंगावर कोमट पाणी घालायचं. मी डावीकडे शिंपडते म्हणून मुलींना उजवीकडे सरकून बसावं लागे, एवढीच काय ती तक्रार.

मा आतिमना बारीक काही बघवत नाही. विजेचा मीटर बघायला येणारा माणूस किडकिडीत होता. त्याला त्यांनी पहिल्या महिन्यात केळी दिली, दुसऱ्या महिन्यात भात, तिसऱ्या महिन्यात बसवून फुफूचे मऊ गोळे आणि पालेभाजीचं दाट कालवण. आता तो मीटर बघायचा विसरतो. आमची शेळी दारात मावत नाही. गल्लीतली भटकी कुत्री दुपारी आमच्या अंगणात हजेरी लावतात आणि संध्याकाळी हळूहळू, दमत परत जातात.

पण गेलं वर्ष वाईट गेलं. आजकालच्या मुलींना वेळ नसतो. त्या एका शनिवारी लग्न करतात आणि सोमवारी कामावर जातात. खोली आठ महिने रिकामी होती. मा आतिम रोज तिथली चटई झटकत आणि पुन्हा अंथरत. "असंच चाललं तर इथे कोंबड्यांचं खाणं ठेवावं लागेल," असं त्या एकदा माझ्याजवळ म्हणाल्या. मला गंज येऊ लागला होता.

अशात मायेन आली. विद्यापीठात झाडांचा अभ्यास केलेली मुलगी. आजीच्या हौसेखातर चार आठवडे खोलीत बसायला तयार झालेली. आणि तिच्याबरोबर, तिला सोडायला, तिची होणारी सासू. मादाम इक्वो.

मादाम मूळच्या आमच्याच गावच्या, पण तीस वर्षं जोसला राहिलेल्या. जोस म्हणजे वरचं पठार. तिथे म्हणे सकाळी स्वेटर लागतो. आम्हाला ते खरं वाटत नाही. मादामनी मोटारीतून तीन कुंड्या उतरवल्या. करड्या रंगाच्या काड्या, बारीक बारीक पानं, वर जांभळी कणसं.

"हे लॅव्हेंडर," मादाम म्हणाल्या. "माझ्या बागेतलं. मायेन बाहेर येईल त्या दिवशी हे दाराशी फुललेलं हवं. माझी सून या वासातून चालत येईल. आणि मा, तुमच्याकडे नीट सांभाळ होतो असं दिसलं, तर माझ्या बहिणीच्या दोन्ही मुली तुमच्याच खोलीत पाठवीन. नाही दिसलं, तर मला सगळ्यांना तसं सांगावं लागेल."

मादाम गेल्या. मा आतिमनी लॅव्हेंडरची एक काडी दोन बोटांत धरली, मुलीचा दंड बघतात तशी.

"अबासी!" म्हणजे देवा! "ह्याला तिकडे काही खायला देत नव्हते की काय?"

आणि त्यांनी मला हाक मारली.

सकाळी एक झारी, दुपारी एक, संध्याकाळी एक. वरून पाऊस कोसळतच होता. मा आतिम एका हाताने छत्री धरत, दुसऱ्या हाताने मला. आकाश ओतत होतं आणि त्याच्या खाली मी ओतत होते. शेजारच्या बायका कुंपणापाशी थांबून बघत आणि एकमेकींना कोपराने ढोसत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगू का? आतून थोडा आनंदही झाला होता. मी झारी होते आणि पहिल्यांदाच झाडाला पाणी घालत होते.

खोलीच्या खिडकीतून मायेन ओरडली, "मा! ते डोंगराळ भागातलं झाड आहे हो! त्याला कोरडं आवडतं. त्याचे पाय भिजले की ते मरतं!"

"तू झोप."

"मा, त्याला उपाशी ठेवा, खरंच सांगते!"

मा आतिम छत्रीसकट वळल्या. "उपाशी? माझ्या घरात? पोरी, पहिल्या दिवशी तूही म्हणाली होतीस, मला भूक नाही म्हणून. मग एकपांगच्या तीन थाळ्या कुणी संपवल्या? शेळीने?"

किसलेल्या अळकुड्यांचं ते एकपांग मीही पातेल्यात बघितलं होतं. कुणीही संपवलं असतं.

चौथ्या दिवसापासून माझ्या पोटात पाण्याऐवजी पेज येऊ लागली. सहाव्या दिवशी मासे धुतलेलं पाणी. लॅव्हेंडरची खालची पानं काळी पडली, मग मधली. मा आतिमचा चेहरा उतरला. तापातून उठलेल्या मुलीला बघतात, तसं त्या झाडाकडे बघत होत्या. आठव्या दिवशी त्या चुलीपाशी गेल्या आणि पातेल्यातलं गरम, तिखट, बकऱ्याच्या मटणाचं सूप त्यांनी माझ्यात ओतलं. आधी थोडं थंड होऊ दिलं, तेवढी माया होती. मग इकडेतिकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "पी बाळा. यानं मेलेला माणूस उठून बसतो."

झालं. मी सांगितलं. आता जरा हलकं वाटतंय.

लॅव्हेंडर उठून बसलं नाही. नवव्या दिवशी तिन्ही कुंड्यांत काळ्या काड्या होत्या आणि अंगणात मटणाचा वास. शेळी त्या दिवशी फार अस्वस्थ होती.

मा आतिम पायरीवर बसल्या. "आतिमच्या घरात आलेलं वाळून मेलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "असं म्हणतील. आता कोण पाठवणार मुली?"

पण हार मानणं त्यांच्या स्वभावात नाही. लॅव्हेंडर नाही तर नाही, पण दार फुलांनी भरलेलं दिसलं तर मादाम कदाचित रागावणार नाहीत, असं त्यांनी ठरवलं. नाल्यापलीकडे रस्त्याकडेला एते आसुको रोपं विकतात. वयस्कर, गोड बोलणारे गृहस्थ, म्हणून सगळे त्यांना एते, म्हणजे बाबा म्हणतात. मा आतिम त्यांच्याकडून गुलाब घेऊन आल्या. छपराखाली ठेवलेले, गुबगुबीत, थेट जोसहून ट्रकने आलेले. सोबत आणखी दोन फुलझाडं, ज्यांचं नाव एते आसुकोंनाही माहीत नव्हतं.

"इथे लागतात ना ही?" मा आतिमनी विचारलं होतं.

"मा, आपल्या मातीत काठी लावली तरी लागते!"

लागली ती. पाच दिवस. सहाव्या दिवशी गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके, आठव्या दिवशी पानंच नाहीत. नाव नसलेली झाडं नाव न सांगताच गेली. मायेन बाहेर यायला अकरा दिवस उरले होते. दाराशी चिखल होता आणि त्यात काठ्या.

संध्याकाळी मा आतिम मायेनच्या पायांना तेल लावायला बसल्या. मी कोपऱ्यात होते. मा आतिम म्हणाल्या, "तुझी ती पुस्तकं काय सांगतात?"

मायेन उठूनच बसली. "सांगू? झोप म्हणणार नाही ना?"

"सांग म्हटलं ना."

अडचण एकच होती. मायेनला बाहेर जाता येत नव्हतं, कशाला हात लावता येत नव्हता आणि पुरुषाने तिला बघायचं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी एते आसुको ढकलगाडीभर रोपं घेऊन आले आणि खिडकीकडे पाठ करून उभे राहिले. एकेक रोप ते खांद्यावरून मागे धरत. आत मायेन वाकून बघे. मधे मा आतिम लाटणं घेऊन उभ्या, एते आसुकोंची मान वळू नये म्हणून.

"हे कुठे उभं होतं तुमच्याकडे?" मायेनने विचारलं.

"छपराखाली. एकदम जपलेलं!"

"नको. बाहेर भिजत उभं असलेलं आणा. कुणी बघत नाही तरी वाढतंय, असं."

"ते तर गटाराजवळ आहे, पोरी."

"तेच आणा."

एते आसुकोंनी दुसरं रोप खांद्यावरून मागे केलं. "हे घे. मखमलीसारखं पान!"

"लव आहे पानावर. लव पाणी धरून ठेवते, मग बुरशी येते. मला गुळगुळीत, जाडसर पान हवं, टोकाला निमुळतं. पाऊस त्यावरून घसरून गेला पाहिजे."

"अबासी! नवरा निवडताना एवढं बघितलंस का?"

"त्याच्यावरूनही सगळं घसरून जातं, एते. काहीही सांगा, आत शिरत नाही."

मा आतिम हसल्या आणि लाटणं खाली आलं. एते आसुकोंची मान लगेच वळायला लागली, तसं ते पुन्हा वर गेलं.

असं तीन दिवस चाललं. एते आसुकोंचा खांदा धरला, पण निवड झाली. लाल, पिवळे, हिरवे ठिपके असलेले क्रोटन, ज्यांना फुलांची गरजच नाही. लाल गुच्छांचा एक्झोरा. केळीसारख्या पानांचा हेलिकोनिया, त्याची फुलं चोचीसारखी लटकतात. भिंतीच्या सावलीत गुलाबी शिरांचं कॅलेडियम. आणि मादामना वास हवा होता म्हणून पायरीच्या दोन्ही बाजूंना पांढरा सोनटक्का, ज्याला पाय ओले असले तरच बरं वाटतं. सगळी एते आसुकोंच्या गटाराजवळची, अंगाने धष्टपुष्ट. मा आतिमनी प्रत्येकाचा दंड दाबून बघितला. "हं. ही खात्यापित्या घरची आहेत."

लावताना मात्र भांडण झालं. मा आतिमना रोपं खेटून लावायची होती. "मोकळी जागा दिसली की घरात काही नाही असं वाटतं!"

"मा, मधून वारा गेला पाहिजे. नाहीतर दमट हवेत पानं कुजतील. आणि माती वीतभर उंच करा, दारापासून उतार द्या. पाऊस पडला की पाणी निघून गेलं पाहिजे."

"आणि जेवण?"

"सुकी पानं घाला बुंध्याशी. बास."

"फक्त पानं?" मा आतिमनी पेजेच्या भांड्याकडे बघितलं.

"फक्त पानं. आणि ती झारी आत ठेवा. आठवडाभर बाहेर काढायची नाही."

मला आत ठेवलं. खिडकीच्या कठड्यावर, मायेनच्या शेजारी. तिथून मी सगळं बघत होते. झाडं रोज पावसात न्हात होती आणि माझ्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. मा आतिम तीनदा पेजेचं भांडं घेऊन दारापर्यंत गेल्या आणि तीनदा परत आल्या. तिसऱ्यांदा त्यांनी ती पेज स्वतःच पिऊन टाकली.

बाहेर येण्याचा दिवस उजाडला. ऑगस्टमधली उघडीप होती. ऊन असं की जमिनीतून वाफ निघत होती. ढोल वाजले आणि मायेन दारात आली. गळ्यात पोवळ्यांच्या माळा, केसांत पितळी कंगवे, अंगाला तेलाची झळाळी. सोनटक्क्याच्या वासातून, क्रोटनच्या रंगांतून ती एकोम्बी नाचत खाली उतरली, समुद्राच्या लाटेसारखी. बायकांनी आरोळ्या ठोकल्या. मी कठड्यावरून सगळं बघितलं आणि माझा अर्धा टोमॅटो अभिमानाने लाल झाला असावा.

मादाम इक्वो पहिल्या रांगेत होत्या. जोसहून येताना त्यांनी जाड मखमली कपडे घातले होते. मायेन दोन फेऱ्या नाचली तोवर मादामचे खांदे खाली आले. मग मान खाली आली. त्या खुर्चीतच कलंडल्या, अगदी लॅव्हेंडरसारख्या.

गर्दी बाजूला झाली. मा आतिम पुढे आल्या. सगळ्या गावाला माहीत होतं, आता काय होणार. कुणीतरी वाटी आणायला धावलंही. मा आतिमचा हात पळीकडे गेला आणि तिथेच थांबला. त्या वाकल्या आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "मादाम, तुम्हाला आत्ता काय हवंय?"

"वारा," मादाम पुटपुटल्या. "आणि पाणी. पायांवर."

"झारी आणा!"

मला बाहेर आणलं. सगळ्यांच्या देखत. मी मादामच्या पायांवर पाणी घातलं आणि डावीकडे नवरदेवाचे नवे बूटही भिजवले. बायकांनी मादामना पंख्याने वारा घातला. थोड्या वेळाने मादामनी डोळे उघडले, दाराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझं लॅव्हेंडर कुठाय?"

ढोल थांबले.

मा आतिम ताठ उभ्या राहिल्या. "मेलं. मी मारलं."

"पाणी घातलंत?"

"दिवसातून तीनदा."

"पावसात?"

"छत्री घेऊन."

"आणखी काही?"

"पेज."

"आणखी?"

"माशाचं पाणी."

"आणखी?"

मा आतिमनी माझ्याकडे बघितलं. मला पाय असते तर मी तिथून निघून गेले असते.

"बास," मा आतिम म्हणाल्या. "एवढंच."

मादाम त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. इतक्या, की डोक्याला बांधलेलं कापड सुटून मांडीवर पडलं. "मी लग्न होऊन जोसला गेले ना, तेव्हा इथून क्रोटन नेला होता. त्याला थंडी वाजेल म्हणून लोकरीत गुंडाळून ठेवला. चार दिवसांत संपला. हे आजवर मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही."

"लोकरीत?" मा आतिम म्हणाल्या. त्यांनाही हसू आवरेना.

मग मादाम गंभीर झाल्या. "मा, माझ्या बहिणीच्या मुली हट्टी आहेत. त्या नको म्हणाल्या तरीही वाढाल?"

सगळ्या बायका ऐकत होत्या. मा आतिमच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता.

"विचारीन," त्या शेवटी म्हणाल्या. "आधी विचारीन."

"एकदा?"

"दोनदा. त्याच्यापुढे मला जमणार नाही, मादाम, मी खोटं कशाला बोलू."

मादाम पुन्हा हसल्या. "मोठीला पाठवते."

त्याला दोन महिने झाले. बाग जोरात आहे. हेलिकोनिया तर इतका वाढलाय की मीटरवाल्याला वाकून यावं लागतं, आणि वाकणं आता त्याला सोपं राहिलेलं नाही. मला बागेत फारसं कुणी नेत नाही. पण आज सकाळी बसमधून एक मुलगी उतरली. मादामच्या बहिणीची मोठी मुलगी, एनो. काडीसारखी बारीक, लॅव्हेंडरपेक्षाही. मा आतिमनी तिला बघितलं. त्यांच्या पाठीमागे लपवलेल्या थाळीतून वाफ येत होती. शेळी थांबली. कोंबड्या थांबल्या.

"पोरी," मा आतिम म्हणाल्या, एकेक शब्द तोलून, "तुला भूक आहे का?"

एनोने पिशवी खाली ठेवली. "आहे ना, मा. सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

मा आतिमना पायरीवर बसावं लागलं. डोळे पुसत त्यांनी थाळी पुढे केली. मग त्यांना दिलेला शब्द आठवला आणि त्यांनी थाळी पुन्हा मागे घेतली.

"नक्की?"

"नक्की, मा!"

आता खोलीत चटई अंथरलेली आहे आणि एनो तिसरं वाढून घेतेय. तेव्हा वाचकहो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे, की झाड घरी आणाल तेव्हा त्याला आधी विचारा, की बाबा रे, तुला आमची हवा मानवेल का, तुझे पाय ओले चालतील का, आणि जर ते म्हणालं की...

"एनोच्या अंघोळीचं पाणी तापलं! झारी कुठे गेली? अगं, कुणाशी बोलत बसलीय ती कठड्यावर, आण तिला इकडे!"